सोडू का अजून एक अटेम्प्ट देऊ? मोठ्या निर्णयाच्या वेळी आशा नेमकी कशावर ठेवायची

काही आठवड्यांपूर्वी रात्री साडेअकराला मामेभावाचा पुण्याहून फोन आला, एवढ्या रात्री तो कधी करत नाही त्यामुळे आधी पोटात गोळाच आला. म्हणाला, "ताई, घाबरू नको, काही झालं नाहीये, फक्त विचारायचं होतं, सोडू का अजून एक अटेम्प्ट देऊ?" पाच वर्षं झाली तो सदाशिव पेठेत आहे, एमपीएससी करतोय, दोनदा राज्यसेवेच्या मेन्सपर्यंत गेला, बाकीच्या वेळा प्रिलिम्सलाच थांबला, वय आता २८. मी विचारलं, रूमवरचे काय म्हणतात? "ते म्हणतात पॉझिटिव्ह राहा, होऊन जाईल."

हे वाक्य मी स्वतः चार वर्षं रोज ऐकलंय. २०१५ ते २०१९ मी पण तिथेच होते, कॉट बेसिसवर, सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरायची, दुपारी मेस, रात्री दहाला परत, आणि प्रत्येक निकालानंतर कोणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणायचंच की होईल गं. बोलणाऱ्याच्या मनात खरंच प्रेम असतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण या "होईल" शब्दाकडे जरा नीट बघा, त्यात कर्ताच नाहीये. कोण करणार, कधी करणार, काय केलं की होणार, काहीच नाही, पाऊस येईल तसं ते होईल. आणि ज्या माणसासमोर आयुष्याचा मोठा निर्णय उभा आहे त्याला नेमकं हेच कळत नसतं की आशा ठेवायची म्हणजे कशाची ठेवायची, पास होण्याची, का नाही झालो तरी आपलं नीट होईल याची, का नुसतं मन खट्टू होऊ नये म्हणून चांगलं चांगलं बोलत राहायचं. या तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण तिन्हींना एकच नाव देतो, पॉझिटिव्ह राहणं. मानसशास्त्रात यावर गेली चाळीस पन्नास वर्षं बराच अभ्यास झालाय, मी पुणं सोडल्यावर हे सगळं हळूहळू वाचत गेले, आणि त्या रात्री भावाला जे अर्धवट सांगता आलं ते इथे नीट मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे स्वप्न रंगवणं आणि खात्री असणं यात फरक आहे. गॅब्रिएल ओटिंगेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, मूळच्या जर्मनीच्या, त्यांनी १९९१ मध्ये वजन कमी करायच्या प्रोग्रॅममध्ये आलेल्या बायकांचा अभ्यास छापला. सुरुवातीला त्यांना दोन प्रकारचे प्रश्न विचारले होते, एक म्हणजे तुमचं वजन कमी होण्याची शक्यता तुम्हाला किती वाटते, आणि दुसरं म्हणजे वजन कमी झाल्यावरची चित्रं मनात कशी येतात, म्हणजे मैत्रिणी कौतुक करतायत, जुने कपडे बसतायत वगैरे. वर्षभराने वजनं केली तर ज्यांना आपल्याकडून होईल असं वाटत होतं त्यांचं वजन जास्त उतरलं होतं, पण ज्या फार गोड गोड चित्रं रंगवत होत्या त्यांचं बाकीच्यांपेक्षा साधारण ११ किलोने कमी उतरलं होतं. नंतर नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांवर असाच अभ्यास केला, दोन वर्षांनी बघितलं तर जे भारी नोकरीच्या कल्पनेत जास्त रमायचे त्यांनी अर्जच कमी केले होते, ऑफर कमी आल्या होत्या आणि पगार पण कमी होता.

असं का होतं? तर मनात चित्र पूर्ण रंगवलं की शरीराला वाटतं काम झालं. हे नुसतं बोलायचं म्हणून नाही, २०११ मध्ये ओटिंगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांचं ब्लडप्रेशर मोजलं, तर गोड कल्पना करणाऱ्यांचं वरचं प्रेशर खाली आलेलं, म्हणजे अंगातली धावण्याची तयारीच उतरलेली. मला हे वाचून आमच्या रूमची भिंत आठवली. आमच्यातल्या प्रत्येकीने स्वतःच्या नावाखाली पद लिहून चिकटवलं होतं, माझ्या कागदावर उपजिल्हाधिकारी होतं, लाल स्केचपेनने लिहिलेलं, आणि रात्री झोपताना मी त्याच्याकडे बघत निकालाच्या दिवशी गावात गाडी कशी येईल, अण्णा म्हणजे माझे वडील कसे उभे असतील हे सगळं बघायचे आणि फार शांत झोप लागायची. ती शांतता मी तेव्हा आत्मविश्वास समजत होते. भिंतीवर कागद लावू नका असं नाही म्हणत मी, लावा, पण त्याच्या शेजारी दुसरा कागद लावा ज्याच्यावर लिहिलेलं असेल की मधे आडवं काय येतंय. ओटिंगेन यांची पद्धत पण हीच आहे, आधी इच्छा, मग ती पूर्ण झाली तर काय मिळेल, आणि लगेच त्याच बैठकीत आपल्या आतला कोणता अडथळा ती होऊ देत नाहीये, आणि तो अडथळा आला की मी काय करणार. यातली गंमत अशी की अडथळा खरंच पार करण्यासारखा असेल तर हे लिहिल्यावर माणसाला जोर येतो, आणि पार होण्यासारखा नसेल तर त्याच लिहिण्याने हात सोडायचं धैर्य येतं, म्हणजे दोन्हीकडून उपयोगच आहे.

आता आकडे. हे सांगताना मला स्वतःला त्रास होतो, पण सांगायला पाहिजे.

यूपीएससीची २०२३ ची नागरी सेवा परीक्षा घ्या, कारण तिचे आकडे आयोगाने स्वतः जाहीर केलेत. अर्ज केले १०,१६,८५० जणांनी. प्रिलिम्सला खरंच बसले ५,९२,१४१. मेन्सला गेले १४,६२४, इंटरव्ह्यूला २,८५५, आणि शेवटी यादीत नावं आली १,०१६. म्हणजे परीक्षेला बसलेल्या हजार पोरांमागे पावणेदोनच्या आसपास. पण हे एकदम एकच आकडा म्हणून बघू नका, पायरी पायरीने बघा, कारण प्रिलिम्सला बसलेल्या शंभरातले अडीच मेन्सला जातात, मेन्सवाल्या पाचातला एक इंटरव्ह्यूला, आणि इंटरव्ह्यूला गेलेल्या तिघांतला एक यादीत येतो. तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात त्याप्रमाणे तुमच्या आशेचं वजन बदलतं. ज्याला तीनदा इंटरव्ह्यू आलाय आणि ज्याची पाचव्यांदा प्रिलिम्स गेलीय त्या दोघांनाही "होईल" म्हणणं हे दोघांवरही अन्याय आहे.

आणि आकडे माहीत असून सुद्धा आपण ते स्वतःला लावत नाही, ही माणसाची फार जुनी सवय आहे, शिकलेल्यांची सुद्धा. डॅनियल काहनेमन, ज्यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांचीच गोष्ट आहे. सत्तरच्या दशकात इस्रायलमध्ये ते एका टीमसोबत शाळांसाठी अभ्यासक्रम तयार करत होते, विषय होता निर्णय कसे घ्यावेत, म्हणजे बघा. साधारण वर्षभर काम झाल्यावर त्यांनी सगळ्यांना कागदावर लिहायला सांगितलं की अजून किती वेळ लागेल, सगळ्यांचे अंदाज दीड ते अडीच वर्षांच्या मधले आले. मग त्यांनी टीममधल्या एका अनुभवी माणसाला विचारलं की तुम्ही अशा बाकीच्या टीम बघितल्यात, त्यांना किती लागली? तो माणूस थोडा वेळ गप्प झाला आणि म्हणाला की साधारण चाळीस टक्के टीमचं काम कधी पूर्णच झालं नाही आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. आणि ह्याच माणसाने दोन मिनिटांपूर्वी स्वतःच्या कागदावर बाकीच्यांसारखाच अंदाज लिहिला होता! माहिती त्याच्या डोक्यात होती पण "आपल्याला" लावायची हे सुचलं नव्हतं. त्यांनी तरीही काम चालू ठेवलं, पूर्ण व्हायला आठ वर्षं लागली, आणि त्या अभ्यासक्रमाचं पुस्तक शाळांत वापरलंच गेलं नाही.

काहनेमन याला आतून बघणं आणि बाहेरून बघणं म्हणायचे. आतून बघितलं की माझे कष्ट दिसतात, माझ्या नोट्स दिसतात, आईचा चेहरा दिसतो. बाहेरून बघितलं की माझ्यासारख्या हजार जणांचं काय झालं ते दिसतं. निर्णय घेताना सुरुवात बाहेरून करायची आणि मग आपली स्वतःची परिस्थिती त्यात मिसळायची, उलटं नाही. उलटं केलं की बाहेरचे आकडे कधी आत येतच नाहीत.

इथे कोणी म्हणेल की मग हे तर निराशाच झाली, आशा कुठंय यात. याचं उत्तर मला पुस्तकात नाही सापडलं, आमच्या अंगणात सापडलं.

२०१९ च्या जूनमध्ये मी गावी गेले होते, लातूर जिल्ह्यात आमचं गाव आहे, तीन मार्कांनी कटऑफ हुकला होता आणि मी कोणाशी बोलत नव्हते. त्या वर्षी पाऊस लांबला होता. अण्णा अंगणात ओलं गोणपाट उलगडून बसले होते, त्यात घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओळीने ठेवून गुंडाळून आठवडाभर ठेवलेले, आता किती उगवले ते मोजायचे होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, याला उगवण क्षमता तपासणं म्हणतात, शंभरात सत्तर किंवा जास्त कोंब आले तर बियाणं पेरायला चांगलं, थोडे कमी आले तर एकरी बी वाढवायचं, आणि फारच कमी आले तर ते बियाणं पेरायचं नाही, कितीही आपल्या रानातलं असलं तरी. अण्णा मला परीक्षेचं एक अक्षर बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "माझे डोळे आता लागत नाहीत, मोज बरं." मी मोजले, ७२ भरले. ते खूश झाले. मी विचारलं, पण पाऊसच नाही आला तर? ते म्हणाले, "दमदार पडल्याशिवाय पेरतंय कोण. आणि पेरून उघडीप दिली तर दुबार. त्याचे पैसे वेगळे ठेवलेत, त्याला हात लावायचा नाही."

मी त्या दिवशी किती वेळ तशीच बसून होते मला आठवत नाही. हा माणूस दरवर्षी आशेवर जगतो, शेतकऱ्याइतकी आशा कोणाकडे नसते, पण त्याची आशा किती मोजलेली आहे! शंभर दाणे मोजलेत, पाऊस किती झाला ते बघणार आहे, आणि पहिलं फसलं तर दुसऱ्यांदा पेरायची सोय करून ठेवलीय, म्हणूनच तो न घाबरता पेरू शकतो. दुबार पेरणीचे पैसे बाजूला काढले म्हणून कोणी अण्णांना म्हणत नाही की तुम्ही निगेटिव्ह विचार करता. पण अभ्यासिकेत कोणी प्लॅन बी म्हणलं की बाकीचे म्हणतात याचा फोकस गेला.

म्हणून मी भावाला सांगितलं की आधी शंभर दाणे ओले कर. त्याच्या बाबतीत ते असं की एमपीएससीची राज्यसेवा मेन्स २०२५ पासून वर्णनात्मक झाली, आधी बहुतेक प्रश्नांना पर्याय निवडायचे होते, आता १७५० मार्कांचं हाताने लिहायचंय आणि वर २७५ चा इंटरव्ह्यू. तो दोनदा मेन्सला गेला तो जुन्या पॅटर्नला. म्हणजे "मी दोनदा मेन्स दिलीय" ही त्याची जी ताकद आहे ती आता अर्धीच लागू आहे. मी विचारलं, तू तीन तास घड्याळ लावून सलग एक पूर्ण पेपर हाताने लिहिलायस का? म्हणाला, नाही, ऑप्शनल विषयाची पुस्तकं दोनदा वाचून झालीत, नोट्स काढल्यात. मी म्हणलं, मग तुला अजून माहीतच नाहीये की बी उगवतं का नाही, आणि तू मला पेरू का नको विचारतोयस.

दुसरी एक गोष्ट आहे जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. राज्यसेवेला वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. ही सवलत गरजेची आहे, खेड्यातल्या, उशिरा शिकलेल्या पोरांना तिचा आधार आहे, माझा तिला विरोध नाही. पण दार इतकी वर्षं उघडं राहिल्यामुळे निर्णय घ्यायची वेळच येत नाही, दरवर्षी तो नुसता पुढे ढकलला जातो आणि त्यालाच आपण आशा म्हणतो. यूपीएससीला खुल्या प्रवर्गाला सहा अटेम्प्ट आणि ३२ वय, तिथे भिंत समोर दिसते. आपल्याकडे भिंत स्वतः बांधावी लागते. आणि यावर एक प्रयोग आहे, मानसशास्त्रज्ञ डॅन गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकारी जेन एबर्ट यांनी हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांना फोटोग्राफी शिकवली, शेवटी प्रत्येकाच्या दोन आवडत्या फोटोंपैकी एकच ठेवायला दिला. काहींना सांगितलं निवडलं ते फायनल, काहींना सांगितलं काही दिवसांत बदलून मिळेल. ज्यांना बदलायची सोय नव्हती त्यांना आपला फोटो जास्त आवडला, आणि ज्यांना सोय होती ते मनात हे का ते करत राहिले आणि हातातला फोटो त्यांना तितकासा आवडला नाही. आधी विचारलं असतं तर बहुतेकांनी बदलायची सोयच मागितली असती. धरलं तर चावतं सोडलं तर पळतं, या अवस्थेत माणूस जितका दमतो तितका कुठल्याच एका बाजूला गेल्यावर दमत नाही.

सोडायची भीती मात्र खरी असते, तिला मी कमी लेखणार नाही. "सोडलं तर मी संपलो", हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय. गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या प्राध्यापकांवरचा अभ्यास छापला, तिथे काही वर्षं शिकवल्यावर एकतर कायम नोकरी मिळते नाहीतर जावं लागतं, म्हणजे आपल्या परीक्षेसारखंच, आयुष्याचा सगळा डाव एका निकालावर. ज्यांचा निकाल लागायचा होता त्यांना विचारलं की नकार आला तर पुढे तुम्ही किती दुःखी असाल, सगळ्यांनी अंदाज केला की फार, वर्षानुवर्षं. आणि ज्यांना खरंच नकार आला होता ते प्रत्यक्षात त्या अंदाजाइतके दुःखी नव्हते. कारण अंदाज करताना आपण फक्त तो निकालाचा दिवस बघतो, त्यानंतर येणारा नवा कामाचा ताण, नवी माणसं, नवीन खोली, रविवारची भाजी, हे काहीच बघत नाही, आणि आपलं मन स्वतःला सावरतं हे तर आपण विसरतोच. शरीराला जशी रोगप्रतिकारशक्ती तशी मनाला पण असते असं गिल्बर्ट म्हणतात, फक्त ती जखम झाल्यावर कामाला लागते त्यामुळे आधी दिसत नाही.

स्टीव्हन लेविट या शिकागोच्या अर्थतज्ज्ञाने तर लोकांना नाणं उडवायला लावलं. ज्यांचा नोकरी सोडू का, नातं तोडू का असा निर्णय होत नव्हता त्यांनी वेबसाइटवर येऊन नाणं उडवायचं, वीस हजारांहून जास्त वेळा ते उडवलं गेलं. नाण्याने बदल कर म्हणलं की लोक खरंच जास्त प्रमाणात बदल करत होते, आणि सहा महिन्यांनी विचारल्यावर मोठ्या निर्णयात बदल केलेले लोक सरासरी जास्त समाधानी निघाले. याचा अर्थ सगळ्यांनी सगळं सोडा असा नाही, हे लोक आधीच अगदी काठावर उभे होते. पण काठावर असताना आपण आहे तिथेच जास्त थांबतो, हे त्यातून कळतं.

माझं सांगते. मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये सामान आवरलं. पहिले तीन महिने वाईट होते, खोटं कशाला बोलू, लग्नात कोणी "काय झालं मग परीक्षेचं" विचारलं की मी जेवणाच्या पंगतीतून उठून जायचे. मग नाशिकला एका छोट्या कंपनीत ऑफिसचं काम मिळालं, पगार कमी होता, पण महिन्याच्या शेवटी माझ्या खात्यात माझे पैसे होते आणि कायदा, अर्ज, नियम वाचायची जी सवय चार वर्षांत लागली होती ती तिथे कामाला आली, आज मी तिथेच एचआर बघते. अजूनही निकालाची बातमी आली की छातीत एक क्षण काहीतरी होतं. मग ते जातं.

आता आशेचा सगळ्यात उपयोगी भाग, आणि हा शिकता येतो. मार्टिन सेलिग्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बघितलं की वाईट गोष्ट घडल्यावर माणूस स्वतःला ती कशी समजावून सांगतो त्यावर पुढचं बरंच ठरतं. १९८६ मध्ये त्यांनी आणि शुलमन यांनी विमा एजंटांवर अभ्यास छापला, हा धंदा म्हणजे दिवसभर नकार ऐकायचा. आशावादी पद्धतीने समजावून घेणाऱ्या अर्ध्या एजंटांनी पहिल्या दोन वर्षांत बाकीच्या अर्ध्यांपेक्षा ३७ टक्के जास्त विमा विकला. पद्धत म्हणजे काय, तर माझंच उदाहरण घ्या. तीन मार्कांनी कटऑफ हुकल्यावर मी म्हणाले होते, "माझं कधीच होणार नाही, मी कशातच कामाची नाही, माझ्यातच दम नाही." एका वाक्यात मी एका दुपारच्या पेपरचं दुखणं कायमचं केलं, सगळ्या आयुष्यावर पसरवलं आणि पूर्ण स्वतःवर घेतलं. तेच असं म्हणता आलं असतं की या वेळी सीसॅटच्या, म्हणजे प्रिलिम्सच्या दुसऱ्या पेपरच्या, उताऱ्यांवर वेळ जास्त गेला आणि शेवटचे प्रश्न घाईत केले. हे पहिल्यापेक्षा जास्त खरं सुद्धा आहे. लोक समजतात आशावाद म्हणजे सत्यावर साखर, पण बऱ्याचदा निराशेची वाक्यंच खोटी असतात, "कधीच", "कशातच", "सगळंच", हे शब्द तपासून बघा, त्यांना पुरावा सापडत नाही.

आणि एक फार सुंदर गोष्ट आहे. सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगातून सांगितलं होतं की ज्याच्या हातात काहीच नसतं तो हतबल व्हायला शिकतो. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूचा अभ्यास बघून लिहिलं की आम्ही उलटं समजलो होतो. मार खात राहिलं की गप्प पडून राहणं हे शिकावं लागत नाही, ते आपोआप येतं, शिकावं लागतं ते म्हणजे काहीतरी माझ्या हातात आहे हे. पाच वेळा नापास झालेल्या मुलाला आपण म्हणतो याची जिद्द संपली, याच्यात काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं, मेंदू त्याचं नेहमीचं काम करत असतो. त्याला परत ताबा शिकवायचा म्हणजे एवढं छोटं काम द्यायचं ज्याचा परिणाम त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसेल. तीन तासांचा एक पेपर लिहिणं हे तसं काम आहे. महिन्याला पाच हजार स्वतः कमावणं हे पण.

याला पण हद्द आहे आणि ती सेलिग्मननेच सांगितलीय, चुकलं तर किती महागात पडेल हे आधी विचारायचं. विमानाच्या पंखावर बर्फ साठलाय का हे अजून एकदा बघू का, अशा वेळी पायलटने आशावादी असू नये. घरची दोन एकर विकून अजून एक वर्ष क्लास लावायचा असेल, बहिणीच्या लग्नाचे पैसे मोडायचे असतील, तर तिथे आशा बाजूला ठेवून अगदी वाईटात वाईट काय होईल ते बघूनच बोलायचं. पण अजून दहा मॉक पेपर देऊ का, नवीन ठिकाणी अर्ज करू का, तिथे चुकलं तरी काय जातंय, तिथे भरपूर आशा ठेवा.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगून काय उपयोग असं मनात येत असेल तर हा निर्णयाचा प्रश्न राहत नाही, ते आजारपण आहे आणि त्याला उपचार आहेत. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. मी भावाला फोनवर हे सरळ विचारलं, तुला असं वाटतं का म्हणून. म्हणाला, नाही ताई, दमलोय फक्त. विचारताना माझा आवाज हलला पण विचारलं ते बरं झालं, कारण त्यानंतर तो जास्त मोकळा बोलला.

मग आम्ही फोनवरच ठरवलं. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत त्याने सहा पूर्ण पेपर हाताने लिहायचे, घड्याळ लावून, आणि आधी पास झालेल्या एका सिनिअरकडून तपासून घ्यायचे. पहिल्या पेपरला किती मार्क आले याला महत्त्व नाही, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत वर सरकतायत का ते बघायचं. सरकले तर अजून एक अटेम्प्ट, आणि तो शेवटचा, हे मामाला आत्ताच सांगून ठेवायचं. नाही सरकले तर पाडव्यानंतर नोकरीचे अर्ज. आणि दोन्हीकडून चालेल असं काहीतरी आत्तापासून, दुबार पेरणीसारखं, म्हणून तो आता संध्याकाळी दोन तास दहावीच्या मुलांना इतिहास आणि गणित शिकवतो. सगळ्यात अवघड मामाला सांगणं होतं. तो म्हणाला, बाबांना वाटेल मी हरलो. मी म्हणलं, मामांनी चार वेळा तूर मोडून सोयाबीन केलंय, त्यांना कळेल.

काल त्याने व्हॉट्सअॅपवर तिसऱ्या पेपरचे फोटो पाठवले, शाईने बोटं भरलेली पण एका फोटोत दिसतायत. पहिल्या पेपरला शेवटचे सहा प्रश्न कोरे होते, या वेळी दोन. सिनिअरने मार्जिनमध्ये लाल पेनने लिहिलंय, उदाहरणं द्या, नुसत्या व्याख्या नकोत. खाली त्याने मेसेज केला होता, "ताई, मामाला सांगितलं शेवटी, म्हणजे बाबांना. काही बोलले नाहीत, फक्त विचारलं पाडव्याला घरी येणार ना. तू पण येतेस का?"

येते म्हणलं.